पुरंदरच्या पायथ्याचे लपण : तीन भेटींनंतरचे परीक्षण

शुल्क घेऊन छोट्या पक्ष्यांची छायाचित्रे काढू देणाऱ्या लपणांविषयी, म्हणजे पक्ष्यांना न दिसता बसायच्या ज्या आडोशाला आपण हाइड म्हणतो त्याविषयी, कोणाला विचारले की पहिले उत्तर येते ते किती जाती दिसल्या याचे. मी मात्र बऱ्याच काळापासून दुसरीच मोजपट्टी वापरतो. पाण्यावर आलेला पक्षी दोन घोट घेऊन उडून गेला की तेथे थांबून त्याने आंघोळ केली, एवढेच मी पाहतो. तहान लागलेला पक्षी भीत भीत का होईना, कोठेही पाणी पितो. आंघोळीचे तसे नाही. पिसे भिजली की उड्डाण जड होते, शिकारी पक्षी आला तर निसटणे अवघड होते, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे फांदीवर बसून पिसे साफ करत वाळवावी लागतात. दहा सेंटीमीटरचा जीव एवढा धोका पत्करतो तेव्हा त्या जागेवर त्याचा विश्वास बसलेला असतो. या कसोटीवर, मी आजवर बसलो त्या लपणांपैकी पुरंदरच्या पायथ्याचे हे लपण मला सर्वांत चांगले वाटते, आणि त्यातले दोष मी त्याच आस्थेने लिहीत आहे.

सासवडच्या पुढे, किल्ल्याच्या डोंगररांगेखाली, एका शेतकरी कुटुंबाच्या मालकीच्या जमिनीत ओढ्याकाठी हे लपण आहे. गावाचे नाव मालकांच्या विनंतीवरून लिहीत नाही. अरुंद रस्त्यावर एकदम वीस गाड्या येऊ नयेत, ही त्यांची इच्छा मला रास्त वाटते. ओढा जानेवारीतच आटतो, पण काठावर करंज, जांभूळ, बाभूळ आणि हिवर टिकून आहेत, आणि वरच्या बाजूला उघडा, खडकाळ माळ आहे. झाडीतले आणि माळावरचे असे दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच पाण्यावर येतात याचे कारण हेच. शुल्क एका माणसाला अर्ध्या दिवसाचे दीड हजार रुपये असून त्यात चहा-नाश्ता धरलेला आहे. सकाळची वेळ साडेसहा ते साडेअकरा आणि दुपारची तीन ते सूर्यास्त अशी आहे. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यास आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात असा तीन वेळा गेलो.

सर्वांत आधी पाण्याविषयी लिहायला हवे, कारण येथे खरा विचार त्यावर झालेला आहे. छोट्या पक्ष्याला खोल पाणी नको असते. पाय टेकतील आणि पोट भिजेल एवढेच, म्हणजे दोन ते तीन सेंटीमीटर पाणी त्याला पुरते. येथील उथळ कुंडी सुमारे दोन मीटर लांब असून तिची कड जमिनीशी सपाट आहे, तेथून तळ हळूहळू उतरत जातो आणि मध्यभागी खोली चार बोटे भरते. सिमेंट ओले असतानाच त्यात ओढ्यातली वाळू आणि बारीक गोटे दाबलेले असल्यामुळे पक्ष्यांचे पाय घसरत नाहीत. मुनिया कडेलाच उभ्या राहतात, बुलबुल दोन पावले आत जातो आणि कबुतरासारखा होला मधोमध जाऊन बसतो. प्रत्येकाला आपापल्या उंचीचे पाणी मिळते. गुळगुळीत टाइल लावलेली एक सुंदर कुंडी मी दुसरीकडे पाहिली आहे. तेथे पक्षी काठावरून वाकून पीत असत आणि आत कोणीच उतरत नसे.

कुंडीवर जांभळीच्या फांदीवरून ठिबक सिंचनाची नळी सोडलेली आहे. तिच्या टोकाच्या ड्रिपरमधून दोन-तीन सेकंदांनी एक थेंब पडतो, आणि तो बारीक आवाज व पाण्यावर उठणारे तरंग पक्ष्यांना लांबून ओढून आणतात. फेब्रुवारीत मी बसलो असताना ड्रिपर क्षारांनी चोंदला आणि थेंब थांबले. पाणी तेवढेच होते, ऊनही तेच होते, पण पुढचा पाऊण तास वर्दळ अगदी मंदावली. मालक काकांनी येऊन ड्रिपर उघडला, पिन घालून साफ केला आणि ते परत गेल्यावर थोड्याच वेळात चष्मेवाल्यांचा, म्हणजे डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेल्या छोट्या पक्ष्यांचा, थवा उतरला. एका अनुभवावरून नियम काढू नये हे खरे असले, तरी तेव्हापासून मी कोणत्याही पाणवठ्यावर आधी थेंब शोधतो.

कुंडी रोज संध्याकाळी रिकामी करून साबण न लावता ब्रशने घासली जाते आणि ते पाणी करंजाच्या मुळाशी सोडले जाते. होले आणि पारवे एकाच साचलेल्या पाण्यात चोच बुडवतात तेव्हा घशाचा रोग त्यांच्यात पसरतो, म्हणून ही स्वच्छता अत्यावश्यक आहे. वापरलेले पाणी वाया न घालवणे हेही येथे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण पुरंदर तालुका पर्जन्यछायेत येतो आणि उन्हाळ्यात येथील कित्येक वाड्या-वस्त्यांवर टँकर येतो. या कुटुंबाची विहीर मेमध्येही तग धरते. तरीही कुंडीला रोज दोन बादल्यांहून जास्त पाणी लागू नये, असे काकूंनी ठरवून दिले आहे, आणि कुंडी उथळ असल्यामुळे ते शक्य होते.

पाण्यापासून दोन मीटरवर बोरीचे आणि घाणेरीचे दाट झुडूप आहे. पक्षी थेट पाण्यावर येत नाही; तो आधी झाडावर, मग झुडपात, मग कुंडीजवळच्या फांदीवर आणि शेवटी पाण्यात, असा टप्प्याटप्प्याने उतरतो. झुडूप फार लांब असेल तर त्याला आडोसा वाटत नाही, आणि पाण्याला चिकटून असेल तर त्यात मांजर किंवा मुंगूस दबा धरते. येथे झुडपाचा जमिनीलगतचा हातभर भाग साफ ठेवलेला आहे, त्यामुळे खालून आरपार दिसते. एप्रिलमध्ये शिक्रा हा शिकारी पक्षी आला तेव्हा कुंडीवरचे सगळे पक्षी क्षणात त्याच झुडपात शिरले आणि तो हात हलवत परत गेला. माझ्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्याने चौकट मोकळी करण्यासाठी झुडपाच्या दोन फांद्या तोडाव्यात असे सुचवले होते. काका शांतपणे म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही दादा, त्यांची बसायची जागा हाय ती." एवढ्या ठामपणे पाहुण्याला नाही म्हणणारा यजमान मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

एप्रिलच्या सकाळी माझ्या वहीत २२ जातींची नोंद झाली आणि त्यांपैकी ११ जातींनी आंघोळ केली. सर्वांत आधी होले आणि पांढऱ्या कंठाच्या मुनिया आल्या. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना अन्नातून फारसे पाणी मिळत नाही, म्हणून ते दिवसातून अनेकदा पिण्यासाठी येतात. किडे खाणाऱ्यांची गरज त्यांच्या खाद्यातून बरीचशी भागते, त्यामुळे ते पिण्यापेक्षा अंग भिजवायला येतात आणि तेही ऊन चढल्यावर, साडेनऊ-दहाच्या पुढे. नऊ वाजता कंटाळून उठून गेलेल्या दोघांचे त्या दिवशी मोठे नुकसान झाले. पिण्याच्या पद्धतीतही फरक असतो आणि तो छायाचित्रकाराने ओळखून ठेवावा. होला चोच पाण्यात बुडवून एका दमात ओढून घेतो, त्यामुळे त्याचे डोके खालीच राहते. बुलबुल, दयाळ, रानचिमणी हे पक्षी चोचभर पाणी उचलतात आणि मान वर करून गिळतात. चोच वर उठली आहे, तिच्या टोकावरचा थेंब अजून सुटलेला नाही आणि डोळ्यात प्रकाश आहे, असा अर्धा सेकंद प्रत्येक घोटाला मिळतो. पीतकंठी रानचिमणीच्या नराचा गळ्यावरचा पिवळा ठिपका एरवी छायेत हरवतो, पण तो नेमका याच क्षणी समोर येतो. विणीच्या दिवसांत या नराची चोच काळी होते. एप्रिलमधल्या माझ्या छायाचित्रांत ती स्पष्ट दिसते.

आंघोळीच्या तऱ्हा तर एकेक पाहत राहाव्यात अशा आहेत. चष्मेवाले सहा-सातच्या घोळक्याने येतात, एक जण उतरला की सगळे उतरतात आणि पाणी अक्षरशः उकळू लागते. लालबुड्या बुलबुल छाती टेकवून पंख आपटतो. टिकेलचा निळा माशीमार पाण्यात बसत नाही. फांदीवरून झेप घेतो, पाण्याला पोट लावतो आणि त्याच फांदीवर परततो. स्वर्गीय नर्तकाचीही तीच रीत आहे. त्या सकाळी एक शुभ्र नर सात वेळा असा झेपावला, आणि प्रत्येक वेळी त्याची लांब शेपटी पाण्यावरून फितीसारखी ओढली गेली. सातव्या झेपेनंतर तो करंजावर बसून चोचीने एकेक पीस सारखे करत होता, तेव्हा लपणात उरलेले आम्ही दोघे कॅमेरे खाली ठेवून नुसते पाहत होतो. शिंपी पक्षी आणि सूर्यपक्षी कुंडीत उतरलेच नाहीत. त्यांच्यासाठी काका दुपारी चारच्या सुमारास झुडपावर पंपाने पाणी फवारतात, आणि मग जांभळा सूर्यपक्षी ओल्या पानांवर अंग घासत आंघोळ करतो. हा पंप औषध फवारणीचा नसून केवळ पाण्यासाठी वेगळा घेतलेला आहे, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

आता छायाचित्रणाच्या सोयींकडे वळतो. लपण जमिनीत अडीच फूट खणून बांधलेले असल्यामुळे खुर्चीवर बसल्यावर लेन्स पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वीतभर वर राहते. या एका गोष्टीने छायाचित्राचे रूप बदलते. पक्षी आपल्या नजरेच्या रेषेत येतो, कुंडीची कड नाहीशी होते आणि पाणी स्थिर असेल तर पूर्ण प्रतिबिंब मिळते. मागची झाडी कुंडीपासून दहा मीटरहून लांब असल्याने पार्श्वभूमी मऊ आणि एकसंध येते. कुंडीची जवळची कड लपणापासून साधारण ५ मीटरवर आहे, आणि याच अंतराबद्दल जाणाऱ्याने नीट हिशेब करून जावे. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिमी लेन्स लावली तर ५ मीटरवर चौकटीत सुमारे ३६ सेंटीमीटर रुंदी मावते. चष्मेवाला त्यात उत्तम बसतो. स्वर्गीय नर्तकाचा नर मात्र शेपटीसह जवळपास अर्ध्या मीटरचा असतो, त्यामुळे त्याची शेपटी हमखास कापली जाते. माझी पहिली वीस छायाचित्रे अशीच गेली. ज्यांच्याकडे झूम न होणारी मोठी लेन्स आहे त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. ६०० मिमी एफ/४ लेन्सना किमान ४ ते साडेचार मीटर अंतर लागते, म्हणजे पक्षी कुंडीच्या अलीकडे एखाद्या दगडावर बसला की लेन्स त्याला पकडणार नाही. येथे २०० ते ५०० किंवा १५० ते ६०० मिमी झूम लेन्सच सर्वांत उपयोगी पडते.

एवढ्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे अंतर स्पष्ट येते ती, फार थोडी मिळते. ५०० मिमीवर लेन्सचे छिद्र एफ/५.६ ठेवल्यास ती तीन-साडेतीन सेंटीमीटरच असते. पक्षी तिरका बसला की डोळा स्पष्ट आणि शेपटी धूसर. म्हणून मी छिद्र लहान करून एफ/८ वर राहतो. पिण्यासाठी शटरचा वेग १/८०० सेकंद पुरतो, आंघोळीचे थेंब गोठवायचे तर १/२५०० च्या पुढे जावे लागते, आणि त्यासाठी सावलीत आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यायची तयारी हवी. पांढऱ्या नर्तकासाठी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्म्याने, कमी केले नाही तर छायाचित्रात त्याची पिसे भाजून निघतात. कॅमेऱ्यात आवाज बंद करण्याची सोय असेल तर पिणाऱ्या पक्ष्यासाठी ती अवश्य वापरावी, कारण ५ मीटरवर शटरचा खटका त्याला नीट ऐकू जातो. आंघोळीच्या वेळी मात्र इलेक्ट्रॉनिक शटरने फडफडते पंख वाकडे येऊ शकतात, तेव्हा यांत्रिक शटरकडे वळावे. एव्हाना पक्ष्याचे आपल्याकडे लक्षही नसते.

प्रकाशाबाबत मात्र मला पूर्ण समाधान नाही. लपणाचे तोंड उत्तरेला आहे. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे सकाळभर ऊन उजव्या खांद्यामागून येते आणि रंग खुलतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, म्हणजे प्रकाश उजवीकडून पण समोरून येतो. उडणारे थेंब चमकवायला हा प्रकाश फार सुंदर, पण पक्ष्याची आपल्याकडची बाजू अंधारात जाते. हा ऋतूचा भाग झाला आणि त्याला कोणाचा इलाज नाही. दुसरी गोष्ट इलाज होण्यासारखी आहे. मेच्या मध्यास पुण्याच्या अक्षांशावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणून दहानंतर कुंडीवर सावलीसाठी शेडनेट ओढली जाते, आणि ही नेट हिरवी आहे. तिच्यातून झिरपणारा हिरवा रंग नर्तकाच्या पांढऱ्या पिसांवर आणि मुनियेच्या पोटावर उतरतो. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स बदलून तो पुरता जात नाही, कारण बाजूने मोकळ्या आकाशाचा निळसर प्रकाशही येत असतो. एक बाजू सुधारली की दुसरी जांभळट होते. माझी एप्रिलमधली उत्तम छायाचित्रे नेमकी दहानंतरची आहेत आणि त्यांतली निम्मी या रंगाने बिघडली. पांढरी शेडनेट बाजारात सहज मिळते, आणि तसे मी काकांना सांगितले.

बसण्याची व्यवस्था साधी आहे. छपराला पत्र्याऐवजी बांबूवर गवत शाकारलेले असल्याने मेमध्येही आत बसवते. प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र हललो की करकरतात. स्वतःची उशी नेऊन ती खाली घालावी. लेन्ससाठी ठेवलेल्या खिडक्यांना जुन्या सुती कापडाच्या बाह्या शिवल्या आहेत, त्या काकूंच्या हातच्या असून फार उपयोगी आहेत. स्वच्छतागृह घराजवळ आहे आणि तेथवर पाच मिनिटे चालावे लागते, म्हणून आधीच जाऊन यावे, कारण मधेच उठणारा माणूस सर्वांची अर्ध्या तासाची शांतता मोडतो.

माझा खरा आक्षेप गर्दीला आहे. जागा चौघांची आहे आणि पहिल्या दोन भेटींत चौघेच होतो. मेमध्ये रविवारी सहा जणांना बसवले गेले. दोघे मागे उभे राहून आळीपाळीने खिडकी मागत होते, एकाचा फोन वाजला, आणि त्या सकाळी १७ जाती येऊनही आंघोळ फक्त चार जातींनी केली. मेमध्ये तहान अधिक असते, म्हणून पक्षी आले. पण पिऊन निघून गेले. जातींची संख्याच मोजली असती तर ती सकाळ चांगली ठरली असती. मी हे काकांना मोकळेपणाने सांगितले. लांबून आलेल्यांना परत पाठवणे जिवावर येते, असे ते म्हणाले. त्यांची अडचण मला समजते, तरीही चारची मर्यादा पाळलीच पाहिजे असे माझे मत आहे.

पक्ष्यांना बोलावण्यासाठी येथे मोबाइलवर आवाज वाजवत नाहीत आणि अळ्याही टाकत नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी विणीच्या दिवसांत सलग तासभर नराची शीळ वाजवली गेली होती, आणि तो बिचारा पक्षी घरटे सोडून अदृश्य प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरत होता. त्या दिवशीचे एकही छायाचित्र मी ठेवले नाही. येथे फक्त पाणी आहे, आणि पाण्यावर जो येईल तो येतो.

तुलना करायची तर कर्नाटकातल्या गणेशगुडीचे ओल्ड मॅगझिन हाउस आठवते. सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू जेथे साठवली जाई, ती ही जागा. आज तेथे कर्नाटकच्या जंगल लॉजेसचे निवासस्थान आहे. घनदाट जंगलातल्या तेथील कुंड्यांवर पश्चिम घाटातले असे पक्षी येतात जे पुरंदरला कधीच दिसणार नाहीत. गोवा, बेळगाव, कोल्हापूरच्या वाचकांना ते सोयीचे आहे, मात्र तेथे मुक्कामाचाच बेत करावा आणि अंधारात काम करणारा कॅमेरा न्यावा. सिंहगडाच्या पायथ्याचा ओढा विनाशुल्क आहे, पण सुटीच्या दिवशी तेथे लपण नसलेल्या पाण्याभोवती माणसांचेच कडे होते. पुरंदरचे लपण कोरड्या मुलखातले आहे. युवराज हा तुरेवाला पक्षी, रानचिमण्या, मुनिया आणि ओढ्याच्या झाडीमुळे नर्तक व माशीमार यांची अशी सरमिसळ मला अन्यत्र मिळालेली नाही.

जाणाऱ्यांनी शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. फेब्रुवारी रंगांसाठी आणि एप्रिल आंघोळीसाठी चांगला; दुपारच्या सत्रात सूर्यपक्षी हवे असतील तर चारच्या आधी तयार बसावे. उजवीकडून दुसरी खिडकी मागून घ्यावी, कारण तेथून कुंडी, फांदी आणि झुडपाची कड तिन्ही दिसतात. जूनपासून पावसाळाभर लपण पाहुण्यांसाठी बंद असते. हे लिहीत असताना काकांचा निरोप आला की पांढरी नेट आणली आहे, पण ती आताच बांधणार नाहीत. झुडपात बुलबुलाने घरटे केले आहे आणि पिल्ले उडेपर्यंत त्या बाजूला शिडी लावायची नाही.